भुजंगआबांचा उसना घसा

भुजंगआबांनी तीस वर्षं बिअर चाखली आणि त्यातला एक थेंब गिळला नाही. परतुरात हे मी ज्याला ज्याला सांगितलं, तो माझंच तोंड हुंगायचा. गल्लीत आबांची ख्याती पट्टीचा पिणारा अशी. माणूस मात्र ठणठणीत कोरडा!

आबा औरंगाबादेकडच्या एका बिअरच्या कारखान्यात चाखणदार होते. नोकरी धरली तेव्हा गयाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना राजूरच्या गणपतीसमोर उभं केलं होतं. काकूंचा सख्खा भाऊ दारूपायी गेलेला. "नोकरी करा," काकू म्हणाल्या, "पण थेंब घशाखाली उतरू द्यायचा न्हाई." आबांनी शपथ घेतली. तेव्हापासून घोट तोंडात घोळवायचा आणि पितळी पिकदाणीत थुंकायचा, हा नेम.

अडचण एकच होती. बिअरचा कडूपणा जिभेच्या पार मागं, घशाच्या तोंडाशी कळतो. थुंकणाऱ्याला गोष्ट कळते, शेवट कळत नाही. म्हणून कारखान्यात बॉयलरवरचा एक सोबती आबांसाठी गिळायचा आणि शेवट सांगायचा. निवृत्त होऊन आबा परतूरला आले, सोबती तिकडंच राहिला. शेजारी भाड्यानं राहत होतो मी, शाळामास्तर. नेमणूक माझी झाली.

"सर, तुम्ही माझा घसा," आबा म्हणाले. माझ्या कुठल्याच अवयवाला आयुष्यात एवढा मान मिळाला नव्हता.

दिवाळी ते शिवरात्र हा आबांचा हंगाम, कारण उन्हाळ्यात सगळं नासतं. ते जव भिजवायचे, ओल्या गोणपाटावर मोड आणायचे, गच्चीवर वाळवायचे. त्यातले मूठभर तव्यावर तांबूस भाजायचे. मग तपेल्यात उकळी, आणि जुन्या ओळखीतून आणलेली कसली तरी कडू वाळकी फुलं. कायद्यात हे कितपत बसतं ते मी विचारलं नाही. घशानं जास्त बोलू नये. पंधरा-वीस दिवसांनी जी उतरायची तिला आबा 'तांबडी' म्हणत. रंग गुळाच्या पाकाचा, वास भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा.

पण नुसती तांबडी पिणं आबांना मंजूर नव्हतं. "पोरगी वयात आली. आता स्थळं बघून राह्यलो," ते म्हणायचे आणि वाटी घेऊन गल्लीभर फिरायचे. कुणाकडून रस्सा, कुणाकडून भजी. मग अंगणात बसून निकाल. आधी घास, मग घोट, मग पिकदाणी, आणि माझ्याकडं वळून ठरलेला प्रश्न, "बोला, घसा काय म्हणून राह्यला?"

लसणाची चटणी नापास. "हे सासरच खाष्ट हाय. पोरगीला तोंड उघडू देईना." मटणाचा काळा रस्सा जेमतेम पास. "खानदान बराबर, पण पोरगा आपलंच घोडं दामटतो." आमच्या घरचे बटाटेवडे आले तेव्हा आबा आधी आमच्या दाराकडं बघून हळूच म्हणाले, "वहिनींना सांगू नका, पण बिलकुल न्हाई." मी सांगितलं. चार दिवस मला वडे मिळाले नाहीत.

एका घरचं स्थळ मात्र कधीच आलं नाही. आबांच्या स्वतःच्या. काकूंच्या हातची येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी गल्लीत नावाजलेली, लग्नघरची बोलावणी यायची. पण त्यांच्या चुलीवरचं काही तांबडीशेजारी ठेवायला काकूंची सक्त मनाई. आबा कधी हट्ट धरत नसत. स्वयंपाकघरातून येसराचा वास आला की नुसते त्या दिशेला तोंड करून बसत.

मग माझी बदली भोकरदनला झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या हंगामातली शेवटची तांबडी अंगणात काढलेली, पण आबांनी गल्लीतून वाटी आणली नव्हती.

"घसाच चालला," ते म्हणाले. "आता हिचा शेवट मला कोण सांगंल?"

तेवढ्यात काकू आल्या. हातात ताट, ताटात ज्वारीची भाकरी आणि वाफाळती येसराची आमटी. ते त्यांनी तांबडीच्या पेल्याशेजारी ठेवलं. मला वाटलं, माझ्या निरोपाचं जेवण.

"सर चालले. मंग तुमच्या घशाचं काम आता तुमचं तुम्हीच करा," काकू म्हणाल्या. "मी तुमची शपथ सोडली. सकाळीच राजूरला जाऊन देवाला सांगून आल्ते."

आबांनी भाकरीचा घास आमटीत बुडवून खाल्ला. पेला उचलला, घोट घेतला, डोळे मिटले. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होतो. गळा हलला नाही. आबा वाकले आणि पिकदाणीत थुंकले.

"सोडली म्हणलं न मी," काकू म्हणाल्या.

"तू सोडली गं. ह्याला कोण सांगंल?" आबांनी गळ्यावर हात ठेवला. "तीस वर्षं झाली. त्याला आता रस्ताच म्हाईत न्हाई."

मला तेव्हा एक साधी गोष्ट सुचली, जी इतक्या वर्षांत सुचली नव्हती. चाखणाऱ्याच्या तोंडाला वास रोजच येणार. गिळलं का थुंकलं, हे वासावरून कुणाला कळतं? काकूंपाशी पुरावा कधीच नव्हता. तीस वर्षं होता तो फक्त आबांचा शब्द.

आबांनी पेला माझ्यापुढं सरकवला. "बोला सर. घसा काय म्हणून राह्यला?"

मी घास घेतला, घोट घेतला आणि सावकाश सांगितलं. आधी भाकरीचा गोडवा, मग येसराचा खमंग तिखटपणा, आणि शेवटी तो कडूपणा येतो आणि तिखटाची आग शांत करून जातो.

"शेवट ग्वाड होतो म्हणता?"

"कडूच होतो, आबा. पण हवाहवासा."

आबा काकूंकडं वळले. डोळे भरलेले, पण आवाज निकाल देण्याचा. "ऐकलं का? इतकी दारं हिंडलो. स्थळ घरातच व्हतं."

काकूंनी पदरानं नाक पुसलं आणि आणखी एक चतकोर त्यांच्या ताटात टाकला.

"मंग खा की आता," त्या म्हणाल्या. "गार होऊन राह्यली आमटी."