घरच्या वाफ्याची सरकारी वांगी

मंद्रूपच्या केराबाईच्या रानात दोन प्रकारची वांगी पिकत. एक विकायची आणि दुसरी खायची. यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं, कारण विहिरीला पाणी असलेल्या प्रत्येक घराची हीच पद्धत होती. विकायची वांगी विहिरीजवळच्या दोन एकरांत होती. तिचा मुलगा जोतिराम दर चौथ्या दिवशी पाठीवर पंप घेऊन त्यांवर औषध मारी आणि पाचव्या दिवशी ती वांगी सोलापूरच्या बाजारात जात. खायची वांगी घरामागे, मेंढरांच्या वाड्याला लागून असलेल्या सहा वाफ्यांत होती. तिथे लेंडीखताशिवाय काही पडत नसे. त्या वांग्यांना भोकं असत, आत अळ्या असत. केराबाई अळीचा भाग कापून कोंबड्यांना टाकी आणि उरलेलं घरादाराला खाऊ घाली.

यंदा या सहा वाफ्यांना फार महत्त्व आलं होतं. जोतिरामच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि सातव्या वर्षी त्याच्या बायकोला, सोनमला, दिवस गेले होते. तिसरा महिना लागला त्या दिवशी केराबाईने घरात जाहीर केलं की बाळ हातात येईपर्यंत विकायच्या रानातलं एक पानसुद्धा सोनमच्या ताटात पडणार नाही. सात वर्षं बिरोबाला केलेल्या नवसावर ती फवारा उडू देणार नव्हती.

नेमक्या त्याच महिन्यात शासनालाही जनतेच्या पोटाची काळजी वाटू लागली. ‘विषमुक्त ताट’ अभियान सुरू झालं आणि त्यासाठी ‘जिल्हा फवारणी-अवशेष नियंत्रण कक्ष’ स्थापन झाला. त्यात एक कक्षप्रमुख, दोन लिपिक, एक जीप आणि उदयसिंह नावाचे नमुना निरीक्षक होते. कक्षाचं काम तीन कलमी होतं. भाजीचा नमुना घ्यायचा, त्यातला औषधाचा अंश कमाल मर्यादेच्या आत आहे का ते प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं, आणि जिल्ह्यातले पंच्याण्णव टक्के नमुने निर्दोष असल्याचं मार्चअखेर वर कळवायचं. पहिली दोन कलमं परिस्थितीनुसार होती, तिसरं बंधनकारक होतं.

उदयसिंह पहिल्यांदा आले त्या सकाळी जोतिरामने नुकताच पंप धुऊन ठेवला होता. रानातून येणारा वास पार रस्त्यापर्यंत होता. साहेबांनी पाणी घेतलं, चहा घेतला, आणि दोन किलो वांग्यांचा नमुना मागितला. केराबाईला दंडाची भीती तर होतीच. पण घरी येऊन चहा प्यायलेल्या माणसाच्या हातात फवारलेलं वांगं देणं तिला जमेना. तसलं ती फक्त अनोळखी माणसांना देत आली होती. ती घरामागे गेली आणि खायच्या वाफ्यातली दोन किलो वांगी निवडून घेऊन आली. निम्मी लबाडी आणि निम्मा पाहुणचार असा हा व्यवहार होता, पण पंचनाम्यात त्यासाठी वेगवेगळे रकाने नव्हते. ‘दोन एकर क्षेत्रातून यादृच्छिक पद्धतीने नमुना घेतला’ असं लिहून उदयसिंहांनी सही केली.

पंधरा दिवसांनी अहवाल आला: अवशेष आढळले नाहीत. मर्यादेच्या आत, काठावर, किंचित वर, असे अहवाल कक्षाने पाहिले होते. अजिबात काही नाही असा अहवाल कक्षात पहिल्यांदाच आला होता, त्यामुळे लिपिकांनी तो दोनदा झेरॉक्स करून घेतला. केराबाईच्या दोन एकरांना प्रमाणपत्र मिळालं, आणि वांग्यांना लावायला ‘शासनमान्य निर्दोष’ असं छापलेल्या हिरव्या चिकटपट्ट्यांचं एक भलंमोठं रीळ मिळालं.

दुसऱ्या खेपेस उदयसिंह स्वतः केराबाईच्या मागे घरामागे आले. त्यांनी एक वांगं फोडून पाहिलं. आत जिवंत अळी निघाली. नोकरीला लागल्यापासून त्यांनी जिल्ह्यात जिवंत अळी पाहिली नव्हती. ते त्या अळीकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि त्यांना सगळं समजलं. केराबाई आता काय होतंय म्हणून पदर तोंडाला लावून उभी होती. उदयसिंहांनी वाफ्यात आणखी काय काय लावता येईल, एवढंच विचारलं.

त्यानंतर त्यांची जीप करमाळ्याला गेली नाही आणि वैरागलाही गेली नाही. करमाळ्याची भेंडी, वैरागची मेथी आणि उरलेल्या गावांच्या गवारी, मिरच्या, कोथिंबिरी केराबाईच्या घरामागे उगवू लागल्या. डिझेल वाचल्याबद्दल कक्षाचं अभिनंदन झालं. प्रत्येक नमुन्याचे नियमाप्रमाणे चार भाग होत. एक प्रयोगशाळेत जाई, दुसरा वरिष्ठ कार्यालयात, तिसरा कक्षप्रमुखांकडे आणि चौथा स्वतः निरीक्षकांच्या ताब्यात राही. नमुना सुरक्षित राहावा म्हणून ही मंडळी तो आपापल्या घरी नेत आणि नासू नये म्हणून त्याच दिवशी शिजवत.

एका मंगळवारी वैरागचा नमुना अर्धा किलो कमी भरला. चौकशीअंती असं निष्पन्न झालं की आदल्या दिवशी केराबाईने सोनमसाठी मेथी खुडली होती. शासकीय नमुन्याचा स्रोत खाजगी पोटांच्या हवाली करणं योग्य नव्हे, असा शेरा पडला. आठवड्याच्या आत सहा वाफ्यांभोवती काटेरी तार आली आणि पाटी लागली: ‘संरक्षित नमुना क्षेत्र. विनापरवाना भाजी तोडणे गुन्हा आहे.’ मूळ मालकाला दरमहा पाव किलो भाजी मिळण्याची सोय मात्र होती. त्यासाठी अर्ज करायचा, भाजी कोण खाणार आणि का खाणार ते लिहायचं. केराबाईने सोनमच्या गरोदरपणाचा दाखला जोडून अर्ज केला. अर्जावर त्रुटी निघाली की लाभार्थी नेमके किती ते अद्याप स्पष्ट नाही.

सोनमला तेव्हा पाचवा महिना होता आणि डोहाळे वांग्याच्या भरताचे लागले होते. केराबाई तिला भाकरी, दूध, डाळ, पिठलं देई. सोनम निमूट खाई आणि परसदारी जाऊन तारेपलीकडच्या वांग्यांकडे बघत बसे. शेवटी जोतिरामला राहवलं नाही. त्याने विकायच्या रानातलं एक वांगं आणून चुलीत भाजलं. सोनमने पहिला घास मोडला तेवढ्यात केराबाईने तिच्यापुढची ताटली ओढून घेतली.

सोनम रडली नाही. तिने विचारलं, “आत्या, सोलापुरातबी कुणाच्या तरी सुना पोटुशी असत्यालच की. त्या काय खात्यात?”

केराबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तीस वर्षं ती वांगी विकत होती आणि हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिने स्वतःलाही विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीने सोलापूरला गेली, कक्षात शिरली आणि कक्षप्रमुख वैजयंतीबाईंसमोर उभी राहून तिने सगळं कबूल केलं. नमुने घरच्या वाफ्यातले होते, विकायच्या रानात दर चौथ्या दिवशी औषध पडतं, काय तो दंड करा पण वाफे मोकळे करा.

वैजयंतीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या भल्या बाई होत्या. त्यांनी केराबाईला बसवलं आणि समजावून सांगितलं, की तिचं म्हणणं खरं धरलं तर आजवरचे तीनशे बारा अहवाल खोटे ठरतात. तीनशे बारा अहवालांवर सक्षम अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत. म्हणजे तिचं म्हणणं खरं धरता येत नाही. शिवाय तिच्या दोन एकरांना प्रमाणपत्र आहे, तेव्हा सुनेला त्यातलं वांगं खायला घालायला हरकत काय?

“त्येच्यावर औषध हाय, बाईसायेब.”

“मावशी, तुमच्याच नावाचा अहवाल आहे. त्यावर तुमचाच विश्वास नसेल, तर लोकांनी कसा ठेवायचा?”

केराबाई परत आली ती एक विचार मनाशी पक्का करूनच. वाफे निर्दोष होते म्हणून सरकारने नेले. सदोष निघाले तर सरकार सोडून देईल. मग औषध उतरेपर्यंत तीन आठवडे वाट पाहायची, की सोनमचे वाफे सोनमला. तिने जोतिरामला पंप भरायला लावला. दोन एकरांवर पडायचं तेवढं औषध तिने तारेवरून सहा वाफ्यांवर पाडलं. मेंढरं वास घेऊन वाड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. हयातीत पहिल्यांदाच तिने खायच्या भाजीवर फवारा पडताना पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. तिसऱ्या दिवशी उदयसिंह नमुना घेऊन गेले. वांगी या खेपेस फारच तुकतुकीत आली आहेत, असं कौतुकही त्यांनी जाता जाता केलं.

अहवाल घेऊन ते पुढच्या आठवड्यात आले. अवशेष आढळले नाहीत.

केराबाईने तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि हे कसं झालं म्हणून विचारलं. एव्हाना घरोबा झालेला असल्यामुळे उदयसिंहांनीही खरं ते सांगितलं. प्रयोगशाळेतल्या तपासणी यंत्राला लागणारा गॅस दोन महिन्यांपूर्वी संपला होता. मागणीपत्र गेलेलं होतं. तोवर मागील अहवालाच्या आधारे पुढचा अहवाल देण्याची सोय होती, आणि मागील अहवाल तर उत्तमच होता. प्रयोगशाळेच्या वाट्याची वांगी वाया जाऊ नयेत म्हणून तिथली माणसं ती घरी नेत.

“म्हंजी ती वांगी तुमी खाल्ली व्हय?”

“सगळ्यांनीच. आमच्याकडे तर लागोपाठ तीन दिवस भरलं वांगं झालं. लई झाक.”

मग केराबाईने फवाऱ्याची गोष्ट सांगितली. कुठलं औषध, किती पंप, नमुन्याच्या किती दिवस आधी. नमुना निरीक्षक म्हणून आजवरच्या नोकरीत उदयसिंहांनी कुठल्याही शेतकऱ्याला विचारले नव्हते, ते सगळे प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. त्या औषधाने काय होतं, किती दिवस राहतं, धुऊन जातं का, लहान मुलांना जास्त बाधतं का. त्यांच्या धाकटीचं वय चार होतं. केराबाईला त्यांचा राग होता, पण मुलीचं ऐकून तिचाही जीव कळवळला. तिने त्यांच्या हातात ताकाचा तांब्या दिला.

“घाबरू नगा, सायेब. सोलापूर रोज तसलंच खातं की. आन् अहवाल हाय न्हवं तुमच्याजवळ? त्यात तर काईच न्हाय.”

उदयसिंहांनी ताक तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी जीप आली, तार निघाली, पाटी निघाली. ‘प्रशासकीय कारणास्तव’ संरक्षित नमुना क्षेत्र वैरागजवळच्या एका घरामागे हलवण्यात आल्याचं पत्र केराबाईला मिळालं. तिथल्या बाईचे खायचे वाफे म्हणे आठ होते. दोन एकरांचं प्रमाणपत्र आणि चिकटपट्ट्यांचं रीळ मात्र कक्षाने परत घेतलं नाही, कारण ते परत घेण्याचा नमुना अर्ज छापलेला नव्हता.

केराबाईने वाफ्यांतलं उभं पीक उपटून खड्ड्यात गाडलं, माती उलथीपालथी केली, नवं लेंडीखत घातलं आणि नवी रोपं लावली. सोनमला आठवा महिना लागला तेव्हा पहिलं वांगं आलं. त्याला तीन भोकं होती. सोनमने त्याचं भरत दोन भाकऱ्यांशी खाल्लं आणि तिसरी भाकरी मागितली. केराबाई चुलीपुढे बसून तिच्याकडे बघत राहिली. असं सुख तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

पण सुनेचा तो प्रश्न काही तिच्या डोक्यातून जाईना. विकायच्या रानातलं औषध बंद करावं म्हटलं, तर भोकाचं वांगं बाजारात कुणी हातात धरत नाही. शेवटी तिने ठरवलं की वांगी विकायची, पण खरं सांगून विकायची. सोलापूरच्या बाजारात ती वांग्यांच्या पाटीमागे बसली आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला, एका चष्मेवाल्या बाईंना, म्हणाली, “ताई, ही फवारल्याली हायती. चार दिसाला औषध पडतं. घरात कुणी पोटुशी आसंल तर नगा नेऊ.”

बाईंनी वांगं उलटून जोतिरामने लावलेली हिरवी चिकटपट्टी वाचली. मग केराबाईकडे पाहिलं आणि त्यांना गहिवरून आलं. आजच्या काळात इतकं खरं बोलणारी भाजीवाली कुठे मिळते, असं त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या. इतकी सरळ बाई विष कशाला घालेल, असं त्या शेजारच्या बाईंचं मत पडलं. दोघींनी दोन-दोन किलो वांगी घेतली. केराबाई ओरडून सांगत राहिली आणि पाटीभोवतीची गर्दी वाढत गेली.

तिची वांगी हल्ली अकराच्या आत संपतात. गेल्या आठवड्यात त्या गर्दीत तुम्हीही होता. तिने तुम्हालाही सांगितलं होतं. तुम्ही हसलात, एक भोकाचं वांगं बाजूला काढून ठेवलंत, आणि म्हणालात, “असू दे मावशी, दोन किलो द्या.”