शंभर घरांचा कोट आणि तांग बाईंचा रंग

अख्ख्या सूचोऊ शहरात माझ्यासारखा टाका घालणारी बाई नाही! होती एक, पण ती वारली, आणि तिलाही मीच शिकवलं होतं. म्हणून नातवाचा पहिला वाढदिवस जवळ आला तसं मी जाहीर केलं, "तुआनतुआनला शंभर घरांचा कोट मी शिवणार!"

शंभर घरांतून एकेक कापडाचा तुकडा मागून आणायचा, जोडून बाळाला कोट करायचा. शंभर घरांचं आयुष्य बाळाला लागतं. माझ्या लेकीलाही मी केला होता. आमच्या गावात तेव्हा शंभर घरं नव्हती, कमी पडलेली मी बदकांच्या खुराड्यांमधून भरून काढली. तरी पोरगी ठणठणीत आहे!

"आई, ही उंच इमारत आहे," लेक म्हणाली. "इथं लोक दार उघडत नाहीत, कापड कुठून देणार?"

"माझं तोंड बघून देतील."

"तेच बघून तर उघडत नाहीत!"

ही माझी लेक, पेईरोंग. शांघायला एका मोठ्या कचेरीत कपड्यांची चित्रं काढायची. दुसरं बाळ झालं तशी नोकरी सोडली आणि घरातच धंदा मांडला. उभ्या कॉलरचे, कापडाच्या गाठींची बटणं असलेले आपले जुन्या वळणाचे कोट, पण आजच्या पोरींनी जीन्सवर घालावेत असे. सोफ्यावर अस्तरं, फ्रीजवर बटणं, एका मांडीवर बाळ, दुसऱ्या मांडीवर बाही. एकदा तर ती बाहीला खिमट भरवत होती! जावई जहाजावर असतो. घरी आला तरी समुद्रातच असल्यासारखा बसतो.

आणि आता शांघायहून तांग बाई येणार होत्या. त्यांची कपड्यांची दुकानं. त्यांना आमचं कापड पसंत पडलं तर अख्ख्या हिवाळ्याचं काम आम्हाला. नाही पडलं तर पेईरोंग परत कचेरीत, आणि पोरांना आई फक्त रविवारी. शुआंग, माझी सात वर्षांची नात, रोज विचारायची, "आई, त्या बाई चांगल्या आहेत ना?"

मी आपली टोपली घेऊन इमारत पालथी घातली. एकाला वाटलं मी विमा विकते. एकीनं दाराच्या फटीतून फरशी पुसायचं फडकं दिलं, तेही ओलं! शेवटी पहारेकऱ्यानं मला हाताला धरून घरी आणून सोडलं. "आजी हरवल्या होत्या," म्हणाला. मी हरवले होते म्हणे!

घरी येऊन बसले तर समोर कपाटावर बिस्किटांचा मोठा डबा. उघडला. आत कापडाचे तुकडे! रेशीम, मखमल, सुती, एकेकाला चिठ्ठी लावलेली, प्रत्येक चिठ्ठीवर वेगळ्या गिरणीचं नाव. मी विचार केला, गिरणी म्हणजे तरी काय? मोठं घरच की! चिठ्ठ्या बाळाला टोचतील म्हणून काढून टाकल्या आणि दुपारी पेईरोंग बाहेर असताना बसून कोट शिवला. असा झाला होता म्हणून सांगू, मोर बघता तर लाजून कोंबडी झाला असता!

तांग बाईंची गाडी खाली आली त्या सकाळी मी तो बाळाला घातला. पेईरोंगनं कपाटावरचा डबा उघडला. आत माझी दोन रिळं.

"आई, नमुने कुठं आहेत?"

मी बाळाकडं बोट केलं.

तिचा चेहरा वाफेवरच्या पावासारखा पांढरा झाला. "अगं, त्यातूनच बाई कापड निवडणार होत्या!"

"मग निवडू देत की. पळून थोडंच जातंय?"

नेमकं तेव्हाच बाळ रांगत टेबलाखाली पळालं, आणि बेल वाजली.

तांग बाई उंच, सडपातळ, पांढरा स्कर्ट. सगळीकडं बघून म्हणाल्या, "नमुने बघू या?"

पेईरोंग डबा पाठीमागं लपवू लागली. मग मीच पुढं झाले. "बाई, आमच्या घराण्यात कापड टेबलावर मांडत नाहीत. चालत्या अंगावरच दाखवतात. माझी पणजी राजवाड्यात कापड द्यायची, तिथं राजपुत्राच्या अंगावर दाखवायची."

"आजी, पणजी तर बदकं पाळायची ना?" शुआंग.

"राजवाड्याचीच बदकं होती ती!"

तांग बाईंना काय वाटलं कोण जाणे, पण त्या खरंच टेबलाखाली वाकल्या. बाळ पुढं, बाई मागं. पेईरोंगही गुडघ्यांवर आली. मी तुकड्यावर बोट ठेवणार, पेईरोंग हात लावून सांगणार, "हे हूचोऊचं रेशीम, हे सुती, हे धुतल्यावर आटतं." बाळाला वाटलं खेळ चाललाय. मशिनखालून गेलं, बाईही गेल्या! डोक्याला दोरा लावून बाहेर आल्या आणि बाळाला उचलून मांडीवर घेतलं.

तिथंच घोटाळा झाला. लंगोट मी सकाळीच सोडला होता. बाळाला मोकळं नको का वाटायला?

"हाच!" तांग बाई ओरडल्या. कोटाचा खालचा तुकडा धरला होता. पिवळसर होता तो, आता गडद, मधासारखा झाला होता. "किती वर्षं हा रंग शोधतेय मी!"

"बाई, तो रंग जरा..." पेईरोंग म्हणाली.

"मला रंगातलं शिकवू नका."

इतक्यात बाईंनी मांडीकडं बघायला मान खाली घातली. मी काय केलं असेल? टेबलावरचा कोमट चहा उचलून तिथंच ओतला! "अगं बाई, सांडला गं!"

"असू दे, असू दे," बाई म्हणाल्या. रंगाच्या नादात होत्या. जाताना काम पक्कं करून गेल्या. रंग मात्र हाच, तसूभर फरक नको!

तुकडा वाळला, पुन्हा पिवळट. गिरणीनं रंगवून पाठवलं, तांग बाई म्हणाल्या, "हा नव्हे." परत पाठवलं. "हाही नव्हे." साध्या पाण्यानं भिजवून बघितलं, तो मध काही येईना. शेवटी गिरणीचे रंगारी लू मास्तर स्वतः रंगांच्या पट्ट्या घेऊन आले आणि स्टूल टाकून, तोच कोट घातलेल्या बाळासमोर बसले. एरवी घटकेघटकेला भिजणारं पोरगं, त्या दिवशी वाळवंट! पाणी पाजलं, कलिंगड चारलं, नाव नाही. पेईरोंग घड्याळाकडं बघतेय, शुआंग नखं खातेय.

बाळाला आपलं आपण होऊ दे, शू व्हावी म्हणून शिट्ट्या वाजवू नकोस, असं मला बजावणारी पेईरोंग. तीच हळूच म्हणाली, "आई... वाजव."

मी बाळाला धरलं आणि वाजवली. सूऽऽऽ सूऽऽऽ! शिट्टी कसली, आमच्या गावचा धबधबाच!

बाळ हसलं. लू मास्तर स्टुलावर चुळबुळले. मी आणखी वाजवली. मास्तर उठून उभे राहिले. "आजी, संडास कुठंय?"

"आई, हळू," पेईरोंग म्हणाली. "इमारत रिकामी करशील!"

मास्तर परत येईपर्यंत बाळानं काम उरकलं होतं. त्यांनी धावत येऊन पट्टी लावली, वाळायच्या आत रंग धरला. तांग बाई फोनवर म्हणाल्या, "हाच!" कोट गेले, दुकानांत लागले, थंडी संपायच्या आत संपले. पेईरोंग घरीच आहे. आता एका मांडीवर बाही आणि दुसऱ्या मांडीवरही बाहीच, कारण बाळ चालायला लागलंय.

काल तांग बाईंचा फोन आला. पुढच्या हिवाळ्याला तुमच्या घराण्याच्या पद्धतीनंच एक नवा रंग काढा म्हणाल्या. मी हो म्हटलं, माझं काय जातंय! पण पोरगं आता शहाणं झालंय हो. "आजी, शू" म्हणून हात धरून नेतं, आणि सगळा रंग संडासात वाया जातो!