गाडी बिघडत नाही, भांडते

आमच्या शेजारच्या तुळशीराम भाऊजींची गाडी बंद पडली की ते लगेच दुरुस्तीला लागत नाहीत. आधी अंगणात सतरंजी अंथरतात. ज्या दोन भागांवर संशय असेल ते खोलून सतरंजीच्या दोन टोकांना समोरासमोर ठेवतात, स्वतः मध्ये मांडी घालून बसतात आणि विचारतात, "हं, बोला. कोनाची काय तक्रार हाय?"

मी हे भिंतीवरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. एका टोकाला कार्बोरेटर, दुसऱ्या टोकाला पेट्रोलची टाकी, आणि मध्ये साठी ओलांडलेला हा माणूस. मी म्हटलं, "भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे ना?" तर मलाच गप्प बसवलं. "वैनी, सुनावनी चालू हाय. मधात बोलू नोका."

तुम्हाला वाटेल माणूस खुळा आहे. तसं नाही. आमचं गाव गोंदियाला इतकं चिकटलेलं की अर्धं गाव हिंदीतच भांडतं, आणि भाऊजी या गावाच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. धुऱ्याची म्हणजे शेताच्या बांधाची भांडणं, सासू-सुनांची भांडणं, एकदा तर दोन घरांतल्या एका कोंबड्याचं भांडण, सगळी त्यांनी पारावर मिटवली. त्यांचा निवाडा ठरलेला असायचा : "दोघायची अर्धी अर्धी चूक. दोघायनं अर्धं अर्धं सोडा." पुढे समिती थंडावली, अध्यक्षपद गेलं, पण सवय कुठे जाते? माणसं येईनात तेव्हा त्यांनी यंत्रं समोर बसवली.

आणि यंत्र तरी कसलं? रेसची गाडी! मोबाइलवर कुठल्या तरी देशातली शर्यत पाहिली आणि म्हणाले, "चार चाकं अन् एक खुर्ची. याच्यात काय हाय?" लागले जमवायला. इंजिन एका मोडक्या व्हॅनचं, गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा. सांगाडा बंद पडलेल्या राइस मिलच्या पाइपांचा. पेट्रोलची टाकी म्हणजे धानावर फवारणी करायच्या पंपाची. बसायला न्हाव्याच्या दुकानातली जुनी खुर्ची. आणि बॉनेट नव्हतं म्हणून गावाच्या वेशीवर गंजत पडलेला पत्र्याचा फलक ठोकून बसवला. त्यामुळे गाडी समोरून आली की 'तंटामुक्त गावात आपले स्वागत आहे' असं वाचायला मिळायचं, आणि मागून धूर.

तो धूर माझ्या कुरड्यांवर. उन्हाळाभर आम्ही पेट्रोलच्या वासाच्या कुरड्या खाल्ल्या.

इंजिनाची भोकं गिअरबॉक्सच्या भोकांशी जुळेनात. दुसऱ्या कोणी एक बाजू नीट मापून घासली असती. यांनी दोन्ही बाजू घासल्या, अर्ध्या अर्ध्या. दोघेही सारखेच ढिले झाले. गाडी चालू केली की माझ्या फळीवरचे डबे नाचायला लागायचे. आमचे हे म्हणाले, "अध्यक्ष, इंजिनाले कान नसते." भाऊजी म्हणाले, "तुमाले तं हायेत. तुमी तरी कोनाचं आयकता?" हे मीही आमच्या यांना लग्नापासून सांगतेय.

शहरातला एक मिस्त्री गाडी पाहून गेला. "चाचा, इसको कबाड़ में दे दो," म्हणाला. भाऊजी भडकले. "कबाडातूनच आनली हाय. माहेरी कायले पाठवू?"

हा हट्ट कशासाठी, ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. अध्यक्ष असताना त्यांनी कितीतरी प्रेमवेड्या जोडप्यांची लग्नं लावून दिली. आई-बाप आडवे आले तर स्वतः बाप म्हणून उभे राहिले. पण त्यांच्याच स्वातीनं दुसऱ्या जातीचा पोरगा पसंत केला, तेव्हा म्हणाले, "अध्यक्ष पारावर. घरात मी बाप हावो." स्वातीनं दुसऱ्या गावच्या तंटामुक्ती समितीपुढे जाऊन लग्न केलं आणि दरेकशाकडच्या एका गावात नांदायला गेली. आई लहानपणीच गेलेली, या माणसानं एकट्यानं वाढवलेली पोर. तेव्हापासून भाऊजींच्या घरात इंजिनाशिवाय दुसरा आवाज नाही. जावयाचं नावही कधी घेतलं नाही, 'तो' म्हणायचे, तेही दुसरीकडे बघत.

तर स्वातीच्या त्या गावात दर हिवाळ्यात शंकरपट भरतो, बैलजोड्यांच्या शर्यतीचा. भाऊजींनी ठरवलं, गाडी त्या पटात पळवायची. मी म्हटलं, "सरळ एसटीनं जा ना पोरीकडे!" केवढ्यानं ओरडले! "मी पोरीकडे नाई जाऊन राहिलो. मी रेसले जाऊन राहिलो. पटाले कोनीबी जाऊ शकते!"

बरं, जायला गाडी तरी धड हवी? दणक्यात सुरू व्हायची, शाळेपर्यंत जायची आणि मरायची. रोज. प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर धुऊन काढला, काही उपयोग नाही. शेवटी भाऊजी टाकीचं झाकण उघडून आत डोकवायचे, पेट्रोल आहे ना बघायचे आणि भाषण द्यायचे. "टाकीबाई, तुमी देऊन राहिल्या, मले दिसते. कार्बोरेटरभाऊ, तुमी रुसू नोका. दोघायनं थोडं थोडं घ्या." मग झाकण गच्च लावायचे, किल्ली फिरवायचे, आणि गाडी सुरू! खोटं सांगत नाही, दर वेळी सुरू. "पाह्यलं वैनी? गाडी बिघडत नाई, भांडते. बोललं का मिटते."

शेवटी शेवटी आम्हीही विश्वास ठेवायला लागलो. आमची विहिरीवरची मोटार बंद पडली तेव्हा हे गुपचूप तिच्यापुढे दोन गोड शब्द बोलून आले. मला इतक्या वर्षांत एक नाही.

पटाच्या दिवशी आमच्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाडी चढवली. मैदानावर ही गर्दी! पटवाल्यांनी दोन जोड्यांच्या मधल्या सुट्टीत एक फेरी मारायला परवानगी दिली होती, पण भाऊजींना नुसती फेरी नको होती. "बैलायसंगच पळन," म्हणून अडून बसले. शेवटी एक जोडी तयार झाली. भाऊजींनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. गर्दीकडे मुळीच पाहत नव्हते, आणि पाहत नाही हे सगळ्यांना दिसावं इतक्या जोरात पाहत नव्हते.

निशाण पडलं. बैल सुटले, गाडी सुटली. गाडीनं बैलांना मागे टाकलं तेव्हा मी पदर खोचून ओरडायला लागले. आणि मैदानाच्या बरोबर मध्यावर ती मेली.

बैल शेजारून निघून गेले. लाउडस्पीकरवरचा बोलला, "अध्यक्षसाहेब, चारा टाकू का?" सगळं मैदान हसलं. पोरं धक्का मारायला धावली. "खबरदार! हात लावायचा नाई!" भाऊजी स्टिअरिंग धरून बसून राहिले. सतरंजी नाही, भाषण नाही. आणि समोर पोरीचं सगळं गाव. मला इतकं वाईट वाटलं की त्या लाउडस्पीकरवाल्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात.

तेवढ्यात दोरीखालून एक बाई आत आली. हातांना भज्यांचं बेसन लागलेलं. स्वाती.

"काय झालं बाबा?"

"तंटा हाय," भाऊजी पुढेच बघत म्हणाले. "टाकीचा अन् कार्बोरेटरचा."

तिनं टाकीभोवती फिरून पाहिलं. "हे झाकन असं कोनं आवळलं?"

"मीनं. पेट्रोल सांडत होतं. सायकलच्या ट्यूबचं रबर टाकून आवळलं."

"तेलाच्या डब्याले दोन भोकं काऊन पाडते मानूस? एकातून तेल येते, दुसऱ्यातून हवा जाते. एकच पाडलं तं तेल अडते. याच्यात हवा कुठून जाईन?"

तिनं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून आत हवा गेली. मी कपाळावर हात मारला. जन्मभर तेलाचे डबे फोडतेय मी!

"म्हनजे भांडन नोहतं," भाऊजी म्हणाले.

"नोहतं. ते दोघंबी चांगलेच होते."

भाऊजींनी त्या ढिल्या झाकणावर हात ठेवला. मग इतक्या हळू म्हणाले की मला पुढे सरकावं लागलं, "झाकन मीच लावलं, स्वाते."

तिचे डोळे भरले. पण पोरगी शेवटी यांचीच. म्हणाली, "आता गाडी माह्या घरापर्यंत चालवून दाखवा."

"मी रेसले आलो."

"भेले का?"

"मी? मी कोनाच्या बापाले भेत नाई!"

किल्ली फिरवली. झाकण ढिलं, पांढऱ्या सदऱ्यावर पेट्रोलचे शिंतोडे, पुढे स्वाती झपाझप चालत वाट दाखवतेय आणि तिच्या मागे 'तंटामुक्त गावात आपले स्वागत आहे'. आम्ही ट्रॅक्टर घेऊन मागोमाग. गाडी कुठे अडली नाही.

तिच्या अंगणात भाऊजींनी इंजिन बंद केलं. घरातून तो पोरगा बाहेर आला आणि दारातच थबकला. पुढे यावं की मागं सरावं, त्याला कळेना. भाऊजी खुर्चीतून उतरले, सदरा झटकला आणि पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी तशा कडक आवाजात म्हणाले, "जावई, हात धुवायले पानी आना."

पोरगा तांब्या शोधत बसला नाही. अख्खी घागरच उचलून पळत आला.