सन्मानध्वज आणि दगडूची हजेरी

एका जंगलात, बाळांनो, दरवर्षी वणवा लागायचा. मध्येच 'का लागायचा' असं विचारू नका. त्या जंगलातही कोणी विचारत नसे.

वणवा विझवायला एक पथक होतं. पथक म्हणजे बारा रानडुकरं. आग दिसली की ती पुढे धावायची आणि नाकाडाने गवत उकरून मातीचा उघडा पट्टा करायची. त्याला जाळरेषा म्हणतात. आग पट्ट्यापाशी येते, तिथे जळायला काही मिळत नाही, आणि ती विझते. हीच जाळरेषा उन्हाळ्याआधी काढून ठेवली तर आगीपुढे धावावं लागत नाही, एवढं डुकरांनाही कळत होतं. ती दरवर्षी तसा अर्ज करत. दरवर्षी अर्ज पोचल्याचं उत्तर येई.

एका उन्हाळ्यात पथकातली दोन डुकरं होरपळून मेली. सिंहमहाराज रडले. खोटं नाही सांगत, खरे अश्रू आले. महाराज तसे हळवे होते.

"या शूरांसाठी आपण काय करावं?" त्यांनी विचारलं.

"जाळरेषा," पथकातला दगडू म्हणाला.

"ध्वज," चिटणीस तरस म्हणाला.

महाराजांना ध्वज पटला. ध्वज लांबून दिसतो.

या तरसाकडे मेलेल्यांचं खातं होतं. त्याच्या घराण्याचा मेलेल्यांशी फार जुना संबंध, म्हणून ते त्याच्याकडे दिलेलं.

मग समिती बसली. मोराला निळा रंग हवा होता, पोपटाला हिरवा. चार महिने दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी कोणाचाच नाही असा राखाडी रंग ठरला, त्यावर लाल पट्टी. राखाडी म्हणजे राख आणि लाल म्हणजे आग, हा अर्थ नंतर काढला. सुगरणींनी ध्वज विणला. सर्वांत उंच सागाच्या शेंड्यावर तो लावायचा ठरला. बुंध्याभोवती चौथरा हवा होता. जंगलात उकरणारी वीस साळिंदरं होती, ती जाळरेषेसाठी राखून ठेवलेली. ती चौथऱ्यावर लावली.

ध्वजाचे नियमही झाले. पथकातलं कोणी मेलं की ध्वज सात दिवस अर्ध्यावर उतरवायचा. आणि ज्या ओढ्यात मृत्यूची नोंद होईल, त्या ओढ्याला सगळ्यांच्या आधी जाळरेषा मिळेल. हा दुसरा नियम चांगला होता. चुकून झाला असावा.

पुढच्या उन्हाळ्यात जाळरेषा नव्हतीच. पथक धावलं. एक डुक्कर मेलं, ध्वज अर्ध्यावर आला. सहाव्या दिवशी दुसरं मेलं. ध्वज आहे तिथेच राहिला. मग तिसरं. ध्वज चढवायला नेमलेली माकडं फांदीवर बसून एकमेकांच्या उवा काढत राहिली. त्यांना कामच उरलं नव्हतं.

महाराज वैतागले. "एवढा उंच साग निवडला, आणि ध्वज कायम मधेच लोंबतोय! परवा शेजारच्या जंगलातून वाघोबा यायचेत. त्यांना काय वाटेल?"

"परवा ध्वज शेंड्यावर असेल," तरस म्हणाला. "उद्या सात दिवस पुरे होतात. तेवढ्यात कोणी मेलं नाही की झालं."

त्याच दुपारी करवंदीच्या ओढ्यात आग लागली आणि दगडू मेला.

दगडूची बायको सगुणा. तिची सहा पिल्लं त्याच ओढ्याच्या जाळीत होती. ओढ्याचा एकच काठ जळाला होता. दुसऱ्या काठाचं गवत कमरेएवढं उंच आणि वाळून खडखडीत झालेलं. सगुणा रडत बसली नाही. ती तडक तरसाच्या कचेरीत गेली.

"चिटणीससाहेब, माजा मालक गेला. तेवडी नोंद करा. आन साळिंदरं धाडा आमच्या वड्यात. वारं फिरलं तर लेकरं जळत्याल माजी."

"कुठे गेला?" तरसाने विचारलं.

"मेला, सायेब."

"असं एकदम नका म्हणू, सगुणाबाई. परवा कार्यक्रम आहे. या आठवड्यात कोणाला मरता येणार नाही."

"आवो, पर मेलाय त्यो!"

"तुमच्या म्हणण्याप्रमाणे. आमच्या म्हणण्याप्रमाणे तो रजेवर आहे." तरसाने वही उघडली, नाक लावून पान वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "रजेचा अर्जही दिसत नाही. हे बरं नाही हं. शिस्तीचं पथक आहे हे."

दुसऱ्या दिवशी सगुणाच्या जाळीत कावळा नोटीस टाकून गेला. ती दगडूच्या नावाने होती. 'आपण विनापरवाना गैरहजर आहात. आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा उद्या सकाळी समक्ष हजर राहून करावा.'

सगुणाने नोटीस दोनदा वाचून घेतली. मग तिने पथकातल्या उरलेल्या डुकरांना हाक मारली. ती सगळी दगडूच्या हाताखाली शिकलेली. ती लगेच निघाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौथऱ्याभोवती सगळं जंगल जमलं. ध्वज शेंड्यावर फडफडत होता. वाघोबा मान वर करून बघत होते आणि महाराज वाघोबांकडे बघत होते. कोल्ह्यांनी सलामीचं गाणं धरलं. इतक्यात गर्दी दुभंगली. डुकरं दगडूला ओढत घेऊन आली आणि त्यांनी त्याला चौथऱ्यावर ठेवलं. उन्हाळ्याचे दिवस. वाघोबांनी नाकावर पंजा धरला.

"हे काय?" महाराज पुटपुटले.

"नोटीस आली व्हती म्हाराज," सगुणा म्हणाली. "समक्ष हजर ऱ्हा म्हनून. आनलाय मालकाला. इचारा त्येला काय इचारायचं त्ये."

कोल्हे गायचे थांबले. माकडांनी ध्वजाची दोरी धरली. महाराजांनी एकदा दगडूकडे पाहिलं, एकदा ध्वजाकडे. खरं सांगतो, त्या क्षणी त्यांचा पंजा हलला होता. 'उतरवा' म्हणायचं तेवढं बाकी होतं. म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मलाही आवडली असती.

पण तरस पुढे आला. "महाराज, आनंदाची बातमी आहे! आपला दगडू कामावर हजर झालाय. नोटीस मागे घेण्यात येत आहे."

लोकांना टाळ्या वाजवायला आवडतंच. त्यांनी वाजवल्या.

"बराच थकलेला दिसतो," वाघोबा पंजाआडून म्हणाले.

"फार राबतो," तरस म्हणाला.

"आमच्याकडे एवढी शिस्त नाही," वाघोबांनी मान्य केलं. सगुणा ओरडून काही सांगत होती, पण कोल्ह्यांनी पुढचं कडवं सुरू केलं होतं.

डुकरांनी दगडूला परत नेलं आणि मोहाच्या झाडाखाली पुरलं. तिथे गाणं नव्हतं, ध्वज नव्हता. सगुणा तिथे मात्र रडली.

चार दिवसांनी वारं फिरलं. करवंदीच्या ओढ्याचा दुसरा काठ पेटला. सगुणा धापा टाकत पथकाच्या चौकीवर आली. चौकीवर आता तरसाचा भाचा बसत होता. डुकरांना त्याने सकाळीच सागाच्या रखवालीला पाठवलं होतं. ध्वजाला ठिणगी लागली तर काय घ्या!

"करवंदीचा ओढा," भाच्याने वहीत पाहिलं. "तिथे दगडूची नेमणूक आहे. हजरही आहे. मग दुसऱ्या कोणाला कशाला पाठवू? एका जागी दोघं पाठवायला नियम नाही."

सगुणा तशीच मागे वळली. तिची जाऊ आणि ओढ्यातल्या आणखी दोघी तिच्या मागे धावल्या. चौघींनी नाकाडं जमिनीत खुपसली. खाली माती कमी आणि मुरूम जास्त होता. धुराने डोळे मिटत होते. सगुणाच्या नाकाडाची सालपटं निघाली, कानाचं टोक जळालं, तरी ती उकरत राहिली. आग पट्ट्यापाशी आली, दोनदा पुढे झेपावली आणि बसली. जाळीत सहाच्या सहा पिल्लं एकमेकांना चिकटून थरथरत होती.

दुसऱ्या दिवशी तरस स्वतः आला. त्याच्या पंजात सागाच्या पानावर लिहिलेलं मानपत्र होतं.

"अभिनंदन, सगुणाबाई! दगडूने एकट्याने ओढा वाचवला. महाराजांना भरून आलं. त्याला बढती दिली आहे. आता आजूबाजूचे चारही ओढे त्याच्याकडे."

"चारी?" सगुणा दचकली. "आन तिथं दुसरं कोन?"

"दुसरं कशाला? दगडू असताना?"

सगुणाने मानपत्राकडे पाहिलं. तिचं नाकाड सुजलं होतं, बोलताना दुखत होतं.

"सायेब, एकच सांगा. माज्या मालकाला मेला म्हनायचं कवा?"

तरसाने आपुलकीने तिच्याकडे पाहिलं. "घाई कसली? निवृत्त झाला की अर्ज करा."

तात्पर्य : बाळांनो, शूरांचा सन्मान जरूर करावा आणि तो जितका उंच करता येईल तितका करावा. मात्र शूर जिवंत आहे की मेला, हे त्याच्या बायकोला विचारू नये. तिला ध्वजातलं काही कळत नाही. आणि मोठेपणी तुम्हाला पथकात जायचंच असेल, तर मरायचा दिवस आधी कचेरीत विचारून घ्या. पाहुणे येणार असतील.