मागच्या सीटचं वजन

जेवता जेवता मारोती भाऊजी थांबले. हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला आणि म्हणाले, "वैनी, विमानाचं नाक जड झालंय." मग हात धुतले आणि उठून गेले. ताट तसंच राहिलं.

आमच्या वसमतला विमान नाही. कधी डोक्यावरून एखादं जातं, तेवढंच. भाऊजींचं विमान त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होतं आणि त्याच विमानापायी त्यांची बायको, माझी जाऊ रुक्मिण, सात महिने माहेरी कुरुंद्याला जाऊन बसली होती. ती परत येते की नाही, याचा घोर सगळ्या घराला लागला होता. भाऊजींना विमानाच्या नाकाचा घोर होता, असं आम्हाला वाटायचं.

मारोती भाऊजी माझे धाकटे दीर. त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती त्यांच्याकडे आणतात. जळालेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची. त्यात वेढे मोजावे लागतात. एक वेढा कमी पडला तरी मोटार पुन्हा जळते. त्यामुळे भाऊजी सारखे मोजत असायचे. पन्नासाव्या वेढ्याला काही विचारलं तर उत्तर दीडशेव्या वेढ्याला मिळायचं. विचारणारा तोवर निघून गेलेला असायचा, पण भाऊजी उत्तर द्यायचेच. एकदा मी दुकानाच्या दारातून विचारलं, "भाऊजी, चहा घेता का?" अन् घरी येऊन दुसरं काम काढलं, तेव्हा ते मागून आले आणि म्हणाले, "व्हय, घेतो."

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी गावातला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला. तिथला एक जुना कॉम्प्युटर भाऊजींनी आणला. त्यात लढाऊ विमानांचा एक खेळ होता. पडद्यावर विमान उडवायचं, दुसऱ्याच्या विमानावर गोळ्या मारायच्या, बॉम्ब टाकायचे, असा तो खेळ. भाऊजींनी गोळ्या काही मारल्या नाहीत. त्यांनी विमान उघडलं. मोटार उघडतात तसं. मला इंग्रजी येत नाही, पण त्यांनी मला समजावून सांगितलं होतं, की प्रत्येक विमानाची आत एक वही असते. त्या वहीत नुसते आकडे. पंख किती लांब, तेल किती, तोफ किती किलोची, कोणतं हत्यार कुठे टांगायचं. तो आकडा बदलला की विमान बदलतं.

"वैनी, ह्या खेळात लोक आकडे खोटे टाकतेत," ते म्हणायचे. "धा बॉम्ब लावतेत अन् वजन शून्य लिहितेत. वजन कुटं जातंय मंग?"

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. वजन कुटं जातंय. गल्लीतले कॉलेजवाले यायचे आणि म्हणायचे, "काका, आम्हाला चार मिसाईल जास्त लावून द्या की." भाऊजी लावून द्यायचे. पण वजनासकट. मग ते विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत पळायचं आणि न उडता तसंच पुढच्या रानात जायचं. पोरं बोंबलायची. भाऊजी शांतपणे म्हणायचे, "लावायला कोण नको म्हणलं? उचलाय बी पाह्यजे ना."

हळूहळू त्यांना सगळीकडे वजनच दिसायला लागलं. एसटीत बसले की म्हणायचे, "गाडी मागं जड हाय, दोघं जण पुढं या." एका लग्नात तर नवरदेवाच्या गळ्यातले हार बघून त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "नाक खाली चाललंय." मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडात धरला.

रुक्मिणला मात्र हे हसण्यासारखं राहिलं नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. लेकरू नव्हतं. घरात दोघंच, त्यातला एक मोटारीत नाहीतर विमानात. ती मला म्हणायची, "अक्का, हे माह्याशी बोलतेत, पण वेढे मोजून झाल्यावर."

मग ते काट्याचं झालं.

हळदीचे दिवस होते. मोंढ्यात, धान्य-हळदीच्या बाजारात, एका अडत दुकानाची मोटार बिघडली, म्हणून भाऊजी सकाळपासून तिथे होते. दुपारी रुक्मिण डबा घेऊन गेली. समोर हळदीची पोती तोलायचा मोठा काटा होता. हमाल बसलेले, हळद निवडणाऱ्या बाया बसलेल्या. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरा ह्याच्यावर उभी ऱ्हा."

तिला वाटलं, काट्यामागे काही पडलंय, वाटेतून सरकायचं असेल. ती उभी राहिली. भाऊजींनी वाकून आकडा बघितला आणि खिशातला पेन काढून तळहातावर लिहिला. एक हमाल म्हणाला, "मारोतराव, काय भाव लावला?" सगळे हसले. आणि भाऊजी? त्यांना वाटलं, हमालाने हिशेबातली चूक दाखवली. ते म्हणाले, "थांबा, हातात डबा हाय. डब्याचा अर्धा किलो कमी करावा लागंल."

रुक्मिणने डबा तिथेच काट्यावर ठेवला आणि संध्याकाळच्या एसटीने कुरुंद्याला गेली.

ती गेल्यावर मी भाऊजींना विचारलं. मी तशी कुणाला विचारणारी नव्हे, पण विचारलं. "भाऊजी, काहून केलं असं?"

ते तार गुंडाळत होते. मी थांबून राहिले. दीडशे झाले, दोनशे झाले. शेवटी म्हणाले, "वजन लागत व्हतं."

"कशाला?"

"सांगितलं तर लोक हसतील, वैनी."

"हसले की लोक आधीच."

यावर ते पुन्हा एकपासून मोजायला लागले.

कुरुंद्याहून तिच्या भावाचा निरोप आला, की बहीण काही पोतं नाही. इकडे आमच्या सासूबाई म्हणायला लागल्या, "बसू द्या तिला तिकडंच. तिचं ते नांदण्याचं लक्षण न्हाई. मारोतीला दुसरी बघू." पहिल्यांदा रागात म्हणाल्या. मग नुसतंच म्हणायला लागल्या. मग एक दिवस सिद्धेश्वर गावच्या एका मुलीचं नाव घेऊन म्हणाल्या, तेव्हा मला कळलं, हे आता खरंच ठरतंय. भाऊजी समोरच बसले होते. ते "हो" म्हणाले नाहीत आणि "नाही"ही म्हणाले नाहीत. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो, हे मला माहीत होतं. पण या गोष्टीत लोक तेवढं थांबत नाहीत.

जेवणावरून उठून गेले तो हाच दिवस. मी ताट झाकलं आणि त्यांच्या खोलीत घेऊन गेले. भाऊजी पडद्याकडे तोंड करून बसले होते. विमान उभं होतं. मी ते पूर्वीही पाहिलं होतं, पण आज जवळून बघितलं. पूर्वी वरची काच आखूड होती, आता लांब झाली होती. आत एकामागे एक दोन सीटा होत्या.

"हे दोघांचं असतं का?" मी विचारलं.

"न्हाई. एकाचंच असतं. मागची मी टाकली." त्यांनी पडद्यावरच्या काचेवर बोट ठेवलं. "काच लांबवायलाच तीन महिने गेले. मागची सीट बी पंखाच्या पुढंच येती, म्हणून नाक जड व्हतंय. मंग नाकातली तोफ काढली. तिच्या गोळ्या काढल्या. पंखाखालचं सगळं काढलं. तरी नाक अजून थोडं खाली ऱ्हायलंय."

"मागं कोणी तरी बसलंय," मी म्हणाले.

 पंखा फिरत होता, मी उभीच होते. मनात ते काय मोजत होते, कोण जाणे.

"तिचं वजन टाकलंय," ते म्हणाले. "अंदाजानं टाकता आलं असतं. पण मंग ती ती न्हाई झाली. कोणी बी झालं."

 मी दारातल्या पायरीवर बसले. म्हटलं, "अन् ती इथं न्हाई तर रिकामंच उडवा की."

"उडवून बघितलं," ते म्हणाले. "सरळ चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी कुरुंद्याला गेले. एकटी कुठे गेले नव्हते. एसटीत बसल्यावर काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, ते उतरेपर्यंत सगळं विसरले. रुक्मिणचे भाऊ ओसरीवर बसले होते. पाणी दिलं, चहा दिला, कामाचं विचारलं. मी खाली मान घालून म्हणाले, "भाऊजींनी विमानात तिच्यासाठी सीट टाकलीय."

"कोणत्या विमानात?"

"त्यांच्या. कॉम्प्युटरमधल्या."

"म्हंजे खोट्या?"

"व्हय. खोट्या."

"मंग खोट्या विमानाला खरं वजन कशाला लागतं, ताई?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. खरंच विचारत होते.

  मी एवढंच म्हणाले, "त्यांनी त्याच्यातली तोफ काढून टाकली. सगळी हत्यारं काढली. ती बसावी म्हणून."

दाराआडून रुक्मिण बाहेर आली. आधी बांगड्या वाजल्या, मग ती दिसली. वाळली होती. "किती काढलं?" तिने मला विचारलं.

"सगळंच काढलं, बाई. आता ते विमान कुणाला मारू शकत न्हाई."

तिने भावाकडे बघितलं. म्हणाली, "मी बघून येते. पिशवी घेत न्हाई. चारच्या गाडीनं माघारी येईन."

भाऊ म्हणाले, "अन् पुन्हा काट्यावर उभं केलं तर?"

"तर काटा उचलून डोस्क्यात घालीन."

आम्ही वसमतला आलो तेव्हा भाऊजी खोलीतच होते. तिला बघून ते उठले. "कधी आली" नाही, "बस" नाही. त्यांनी कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची घेतली, सदऱ्याच्या बाहीने पुसली, पुन्हा पुसली आणि आपल्या खुर्चीशेजारी ठेवली. रुक्मिण बसली नाही. मी दारात थांबले. जायला हवं होतं, पण पाय निघेना.

"दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी दाखवलं. ती वाकून बघत होती. मागच्या सीटवर टोपवाला माणूस होता, पुढच्यासारखाच. "ही मी का?"

"बाई काढता येईना मला. पुढचाच मागं बसवला. वजन तुझं हाय."

"तोफ काहून काढली?"

"तू बसली की नाक जड व्हतंय."

रुक्मिण ताठ झाली. "म्हंजे माह्याच वजनाचं!"

भाऊजी घाबरले. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "तुझं न्हाई, तुझं न्हाई," ते म्हणाले. "तोफेचं जास्त व्हतं. लई जास्त. उगाच घेऊन फिरत व्हतो."

ती मग हळूच खुर्चीच्या कडेवर टेकली. अर्धीच बसली, कधीही उठता येईल अशी.

"लोक ह्याच्यात गोळ्या मारतेत. तुमी काय करता?"

"काई न्हाई. फिरतो."

"एकटेच?"

ते पडद्याकडे बघत राहिले.

"हळद निवडणाऱ्या बाया हसल्या मला," रुक्मिण म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "त्यातली एक आमच्या कुरुंद्याची व्हती. मी गावात पोचायच्या आधी गोष्ट पोचली. तुमाला सीट टाकायची व्हती तर मला सांगायचं. इचारायचं. मी काय न्हाई म्हणले असते?"

मला वाटलं, आता ते मोजणार. आता शंभर होतील, दोनशे होतील आणि चारची गाडी निघून जाईल.

"चुकलं," भाऊजी लगेच म्हणाले.

त्यांनी एक बटण दाबलं. विमान घरघरलं आणि पळायला लागलं. धावपट्टी संपत आली तशी रुक्मिणने खुर्चीचा हात धरला. विमान उचललं गेलं. खाली पिवळं माळरान होतं, कुठल्या देशाचं कोण जाणे. वर सगळं निळं. रुक्मिण सरकून नीट बसली.

भाऊजींनी विमान एका बाजूला वळवलं आणि गोल गोल फिरवत ठेवलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "कुटं जायचं?"

"मला काय माहीत कुटं कुटं जाता येतं."

"कुटं बी. समुद्र हाय. डोंगर हायेत. एक नदी हाय. तू सांग."

रुक्मिणला असं कुणी विचारलं नव्हतं. ती हनुवटीला हात लावून खरंच विचार करायला लागली. चारची गाडी गेल्याचा भोंगा स्टँडकडून ऐकू आला. ती उठली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात तेलाचा आकडा कमी होत होता. भाऊजींना तो दिसत होता, मलाही दिसत होता. विमान त्याच जागी फिरत राहिलं आणि भाऊजींनी तिला घाई केली नाही.