फिनलंडच्या म्हाताऱ्याचा चंद्र

नामदेवदादांच्या घरी वाटण करायचं असेल तर आधी कॉम्प्युटरला विचारावं लागतं. "कंपायलर चालू हाय गं, मिक्सर लावू नको, फ्यूज जाईल!" दादा आतून ओरडतात. वहिनी मुकाट्याने पाटा-वरवंटा घेतात. मुकाट्याने म्हणजे, कंपायलरचा उद्धार चालूच असतो.

दादा दहिवलीतले माझे शेजारी, भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेले. जगभरातली हौशी माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळतात, त्यातले हे एक. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. पण दादांपुढे तोंड उघडायची माझी छाती होत नाही.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारा. त्याची नवी आवृत्ती आली की सिस्टिममधले हजारो प्रोग्राम पुन्हा त्याच्यातून काढायचे. जुन्याने खपवून घेतलेलं नवा खपवून घेत नाही. "नवा साहेब आलाय रं, जुन्या फायली उघडतोय," दादा म्हणतात. जो अडेल तो दुरुस्त करायचा, नाहीतर सिस्टिममधून काढून टाकायचा.

यंदा चंद्राच्या कला दाखवणारा एक चिमुकला प्रोग्राम अडला. एकशे बारा चुका! लिहिणारा फिनलंडचा कोणी म्हातारा, गेल्या वर्षी वारला. कोणी वापरत नाही, रविवारी काढू, असं मंडळींनी मेलवर ठरवलं.

दादा चवताळले. चार दिवस खुर्चीवरून हलले नाहीत. मी मोठ्या तोऱ्यात मदतीला गेलो आणि पहिल्याच ओळीला गार पडलो. दादा मात्र तांदळातले खडे वेचावेत तशा चुका वेचत होते. रविवारी दुपारी शेवटची सुटली आणि पडद्यावर चंद्राची कोर उगवली. मी अक्षरशः हात जोडले.

"पण दादा, हे वापरतं कोण?"

"कोन नाय. मी पन नाय." दादा चष्मा पुसत राहिले. "अकरा वर्सं मेल चालायचे आमचे. भेट कदी नाय. मी त्याला एकच मराठी वाक्य शिकवलं, 'जेवलास का?' रोज विचारायचा बघ. प्रोग्राम काढला असता तर त्याचं नाव बी पुसलं असतं रं."

मग त्यांनी त्याच्या शेवटच्या मेलला उत्तर लिहिलं: 'तुझं काम झालं. आता जेवतो.'

पत्ता बंद असल्याचा निरोप लगेच परत आला. दादांनी तो नीट वाचला आणि "ताट वाढ गं," म्हणत उठले.