सव्वा एकचं झाकण

देवरे साहेब सकाळी ऑफिसात आले की हातातला डबा टेबलावर ठेवायच्याही आधी सर्व्हरच्या अंगाला हात लावून बघायचे. सरळ तळहात नाही, उलटा. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा. मग मान डोलवून म्हणायचे, "बरं आहे."

मला त्यातलं काही कळायचं नाही. मोबाईलवर इनकमिंग फुकट झाल्याचं कौतुक तेव्हा अजून ओसरलं नव्हतं. अंबडच्या एका कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात मी नवीनच लागले होते. विभाग म्हणजे देवरे साहेब, मी आणि काचेच्या खोलीत दिवसभर गुरगुरणारा तो सर्व्हर. त्याच्या पोटात सेन्सर होते. आत किती तापलंय, पंखे नीट फिरतायत का, वीज बरोबर येतेय का, यावर ते लक्ष ठेवायचे. काही बिनसलं की साहेबांच्या मोबाईलवर मेसेज जायचा.

"मग हात कशाला लावता, सर?" मी एकदा विचारलं.

"मॅडम, सेन्सर आकडा सांगतो. त्याला कसं वाटतंय ते नाही सांगत."

मी नवीन होते, म्हणून वहीत लिहून घेतलं.

आम्ही दोघंही इंदिरानगरचे, त्यामुळे सकाळी एकाच बसला असायचो. एका सोमवारी बसमध्येच साहेबांचा मोबाईल वाजला. त्यांनी मेसेज वाचला आणि कपाळाला हात लावला. "बावन्नवर गेलाय!"

पुढच्या सीटवरच्या आजीबाई वळल्या. "ताप का हो?"

"हो ना. कालपासून चढतोय."

"मग ओल्या पट्ट्या ठेवा की."

"ओलं अजिबात चालत नाही त्याला."

"अगोबाई! ठेवलाय कुठं?"

"अंबडला, एसीत. पण एसीच बंद पडलाय, असं दिसतंय."

आजीबाईंनी मग अंबडच्या सगळ्या दवाखान्यांचा उद्धार केला. साहेब मनापासून "हो ना, हो ना" करत होते. मी मध्ये बोलायचा दोनदा प्रयत्न केला, पण कुणाचा गैरसमज दूर करायचा तेच कळेना. उतरताना आजीबाईंनी पिशवीतून सप्तशृंगीच्या अंगाऱ्याची पुडी काढून साहेबांच्या हातावर ठेवली. "लावा त्याच्या कपाळाला. लेकरू बरं होईल."

एसी दुरुस्त झाला, ताप उतरला. दुपारी मी बघते तर सर्व्हरच्या बटणाच्या वर अंगाऱ्याचं बारीक बोट.

"सर, हे?"

"बाईंनी विश्वासानं दिला होता, मॅडम," साहेब नजर चुकवत म्हणाले.

महिनाअखेरीला मॅनेजरनी मला बोलावलं. समोर सर्व्हरच्या मेसेजची छापील यादी होती. रोज दुपारी सव्वा एक वाजता तोच इशारा: कव्हर ओपन.

"हे रोज झाकण कोण उघडतं? बघा जरा. आणि मेसेज कुणाकुणाला जातात तेही तपासा. जुने नंबर काढून टाका."

मी दुसऱ्या दिवशी पाळत ठेवली. डबा खाऊन झाल्यावर स्वतः देवरे साहेबच काचेच्या खोलीत गेले, सर्व्हरच्या बाजूचं झाकण काढलं, आत डोकावले, पुन्हा लावलं.

"धूळ बघतो," ते म्हणाले.

"रोज?"

"धूळ रोजच येते, मॅडम."

माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. मॅनेजरना मी धुळीचंच कारण सांगितलं. नंबर दोन निघाले. एक साहेबांचा. दुसऱ्यापुढे नाव नव्हतं. सोडून गेलेल्या कुणाचा तरी असेल, असं समजून मी तो काढून टाकला.

चौथ्या दिवशी, साहेब काचेच्या खोलीत असताना, माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"देवरे साहेब आहेत का?" बाईचा आवाज होता. "म्हणजे, त्यांना बोलावू नका. ते बरे आहेत ना, एवढंच सांगा."

"बरे आहेत. आपण?"

"मी वैशाली, पुण्याहून. ते मेसेजचं काम मीच करून दिलं होतं, कॉलेजच्या प्रोजेक्टला. सव्वा एकचा मेसेज आला की मला कळतं, बाबा कामावर आहेत, जेवलेत. चार दिवस आला नाही."

"तुम्ही मुलगी त्यांची?"

"हो. माझ्या लग्नापासून बोलत नाहीत. पण माझा नंबर त्यांनी काढला नव्हता." तिचा आवाज बारीक झाला. "आता काढला वाटतं."

"नाही हो! तो मी काढला! मला माहीतच नव्हतं!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की साहेब झाकण हातात घेऊन तसेच बाहेर आले.

"काय झालं, मॅडम?"

मी नुसता रिसीव्हर पुढे केला. "वैशाली आहे."

साहेब जागच्या जागी थांबले. मग त्यांनी झाकण माझ्या टेबलावर अलगद ठेवलं, दोन्ही हात पँटला पुसले आणि रिसीव्हर घेतला. ऑफिसात कायम पुस्तकी मराठी बोलणारा तो माणूस मग सटाण्याकडच्या आपल्या घरच्या बोलीत, अगदी हळू म्हणाला, "कशी शे माय?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. साहेब माझ्याकडे पाठ करून माझ्याच खुर्चीत बसले. मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ परत आलेच नाही.